थेट मिक्सरमध्ये: स्वस्त गिटार पेडलं आणि आपली परिस्थिती

स्वस्त पेडलांबद्दल इंटरनेटवर जे बोललं जातं त्यातलं बहुतेक सगळं खरं असतं, आणि तरी आपल्याकडच्या गिटार वाजवणाऱ्याच्या ते फारसं उपयोगी पडत नाही. बोलणारा माणूस नॅशव्हिलमध्ये नाहीतर लंडनमध्ये बसलेला असतो. त्याच्या मागे व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प असतो, अ‍ॅम्पसमोर चांगला माइक असतो, भिंतींवर आवाज शोषणारा फोम असतो. ऐकणारा असतो कोथरूडच्या टूबीएचकेत किंवा नाशिकच्या एखाद्या कॉलेजच्या गॅदरिंगला, आणि त्याची गिटार सरळ साउंडवाल्याच्या मिक्सरमध्ये गेलेली असते. मधलं पेडल तेच, आवाज मात्र तो नाही. मग हा मुलगा ठरवतो की दोष पेडलचा. स्वस्तातलं घेतलं म्हणून असं झालं, पुढचं जरा महाग घेऊ.

या निष्कर्षावर एक भलामोठा बाजार पोसला जातो. मला त्या निष्कर्षाशीच भांडायचं आहे.

माझं शिक्षण इलेक्ट्रॉनिक्सचं आणि नोकरी सॉफ्टवेअरची, ही पुण्यातली नेहमीची गोष्ट. डिग्रीच्या दुसऱ्या वर्षी ऑप-अ‍ॅम्प शिकवला तेव्हा तो कशासाठी शिकायचा हे कुणी सांगितलं नव्हतं. ते एका हिरव्या पेडलचं मागचं झाकण उघडल्यावर कळलं. तेव्हापासून आठ-नऊ वर्षं पेडलं घेणं, उघडणं, विकणं चालू आहे. एकाच वेळी चारपेक्षा जास्त ठेवायची नाहीत असा नियम केला आहे आणि तो बराचसा पाळते.

जे वाजवत नाहीत त्यांच्यासाठी: इलेक्ट्रिक गिटारमधून निघणारा सिग्नल फार नाजूक असतो, काही शे मिलिव्होल्टचा. तो अ‍ॅम्पकडे जात असताना वाटेत एक डबी लावायची आणि तिचं बटण पायानं दाबायचं, हे पेडल. काही पेडलं आवाज फाडतात, म्हणजे ओव्हरड्राइव्ह, डिस्टॉर्शन, फझ. काही त्याचा प्रतिध्वनी करतात, काही त्याला डोलवतात. मी मुख्यतः फाडणाऱ्यांबद्दल बोलणार आहे, कारण पैसे तिथे सगळ्यात जास्त वाया जातात.

फाटलेला आवाज गोड लागतो याचं आपल्याला खरं तर नवल वाटायला नको. मिरजेच्या कारागिरानं तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवला की तार घोडीला हलकेच घासत राहते आणि मूळ स्वरावर हार्मोनिक्सचा पिसारा फुटतो. जवारी लागली, असं आपण म्हणतो. डिस्टॉर्शनचं काम तत्त्वतः त्याच जातीचं आहे: तारेनं दिलेल्या स्वरात तिनं न दिलेले वरचे स्वर मिसळायचे. फरक इतकाच की मिरजेत ते पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनी होतं, आणि अमेरिकेत सुरुवात झाली ती मोडतोडीपासून. लिंक रेनं १९५८ मध्ये ‘रंबल’साठी स्पीकरला भोकं पाडली. १९६१ मध्ये गाजलेलं मार्टी रॉबिन्सचं एक गाणं नॅशव्हिलमध्ये रेकॉर्ड होताना मिक्सरचा एक चॅनेल बिघडला, ग्रेडी मार्टिनचा बास घसा बसल्यासारखा उमटला आणि तो तसाच ठेवला गेला. तो बिघाड डबीत भरून १९६२ मध्ये मास्ट्रो फझ-टोन बाजारात आलं, तेही गिटारमधून सॅक्सोफोन-ट्रंपेट काढता येतील अशा जाहिरातीनं. १९६४ मध्ये द किंक्सच्या डेव्ह डेव्हिसनं ब्लेडनं स्पीकरचा कागद कापला. १९६५ मध्ये कीथ रिचर्ड्सनं ‘सॅटिस्फॅक्शन’मध्ये फझ-टोन वापरलं तेव्हा त्याच्या डोक्यात त्या जागी ब्रास होता, फझ नुसता कच्चा आराखडा. म्हणजे आज ज्याचा ‘खानदानी टोन’ म्हणून उल्लेख होतो तो जन्माला आला स्वस्त, बिघडलेल्या आणि तात्पुरत्या गोष्टींतून. हे लक्षात ठेवलं की पुढच्या बऱ्याच गोष्टी सोप्या होतात.

आता ते हिरवं पेडल. आयबानेझचं ट्यूब स्क्रीमर १९७०च्या दशकाच्या शेवटी जपानमध्ये आलं, सुसुमु तामुरा यांनी त्याचं सर्किट बांधलं. जगात सगळ्यात जास्त नक्कल झालेल्या पेडलांपैकी हे एक. सर्किट बघितलं तर विश्वास बसत नाही की यावर इतकं लिहिलं गेलं असेल: एक ऑप-अ‍ॅम्प, त्याच्या फीडबॅकमध्ये उलटसुलट जोडलेले दोन डायोड, थोडे रेझिस्टर-कपॅसिटर आणि एक टोन कंट्रोल. डायोड फीडबॅकमध्ये असल्यामुळे लाटेची टोकं करवतीनं कापल्यासारखी न होता घासून गोल होतात. आणि एक शहाणपणाचा निर्णय: साधारण ७२० हर्ट्झच्या खालचा आवाज फारसा वाढवायचाच नाही. त्यामुळे खर्ज गढूळ होत नाही आणि मधला पट्टा पुढे येतो.

त्यातली चिप म्हणजे ४५५८. जुन्या पेडलांत ‘जेआरसी ४५५८डी’ असं छापलेली चिप असेल तर लोक तिच्याबद्दल हळू आवाजात बोलतात. ही चिप बुधवार पेठेत तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला चहाच्या किमतीत मिळते. इतकंच नाही, तिथे ‘४५५८ बास-ट्रेबल किट’ म्हणून जो तयार बोर्ड मिळतो तो आपल्याकडच्या असंख्य घरगुती असेंबल्ड अ‍ॅम्प्लिफायरांमध्ये बसलेला आहे. स्टीव्ही रे व्हॉनच्या टोनचं रहस्य आणि शेजारच्यांच्या घरचा रविवार सकाळचा होम थिएटर यांत चिप एकाच कुळातली आहे.

तेव्हा क्लोनचा प्रश्न माझ्यापुरता इथेच संपतो. बेरिंगरचं टीओ-८००, जोयोचं व्हिंटेज ओव्हरड्राइव्ह आणि एका मित्राकडून आणलेलं मूळ टीएस-९ मी आवाजाची पातळी सारखी करून रेकॉर्ड केलं. दुसऱ्या दिवशी फाइलींची नावं झाकून ऐकलं. मला ओळखता आलं नाही. पातळी सारखी करणं महत्त्वाचं, कारण कानाला जरा मोठा आवाज नेहमीच जास्त चांगला वाटतो आणि अर्ध्याअधिक तुलनांमध्ये तीच गफलत असते.

पण ती तिन्ही पेडलं मी अ‍ॅम्पऐवजी मिक्सरला लावली तेव्हा तिन्ही सारखीच वाईट वाजली. तीन हजारांचंही आणि मूळही. नाकात बोलणारी, कोरडी, वरून चरचरणारी.

याचं कारण सांगायला मला जरा वेळ घ्यायचा आहे, कारण मला वाटतं आपल्याकडचं सगळं पेडल-दुःख इथून सुरू होतं. गिटारचा स्पीकर, तो बारा इंची कागदी कोन, हा हाय-फाय स्पीकर नाही. पाच हजार हर्ट्झच्या वरचं तो जवळजवळ काही वाजवत नाही. डिस्टॉर्शननं तयार केलेल्या हार्मोनिक्सचा वरचा सगळा कचरा त्या कोनात गाळला जातो, चहा गाळणीत गाळावा तसा. म्हणजे आपण ‘डिस्टॉर्शनचा आवाज’ म्हणून रेकॉर्डवर जे ऐकत आलो तो पेडलचा आवाज नसतोच, तो पेडल अधिक अ‍ॅम्प अधिक स्पीकर असतो. मिक्सर आणि पीए स्पीकर मात्र प्रामाणिक असतात. निवेदकाचा ‘स’ नीट ऐकू यावा म्हणून ते बनवलेले असतात, त्यामुळे ते कचराही तितक्याच निष्ठेनं ऐकवतात. डब्यात कोंडलेल्या गांधीलमाश्या हे या आवाजाचं सगळ्यात अचूक वर्णन.

ट्यूब स्क्रीमरची गोष्ट तर याहून पुढची आहे. त्याचं खरं काम स्वतः आवाज फाडण्यापेक्षा पुढच्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्पला ढकलण्याचं. अ‍ॅम्प आधीच फाटण्याच्या बेतात असतो, पेडल त्याचा खर्ज आवरतं, मधला भाग पुढे करतं आणि बाकीचं अ‍ॅम्प करतो. मेटलवाले ड्राइव्हचं बटण शून्यावर ठेवून ते वापरतात ते याचसाठी. अ‍ॅम्पच नसेल तर हे पेडल म्हणजे कर्ता असलेलं आणि क्रियापद नसलेलं वाक्य. ते वाक्य मूळ जपानी असो की चिनी, अर्थ लागत नाही. आणि आपण क्रियापद शोधायचं सोडून अधिक महाग कर्ता शोधत बसतो.

आपल्याकडे किती मुलांकडे व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प आहे? असला तरी तो सोसायटीत कितीवर लावता येतो? मी स्वतः वाजवते ते नव्वद टक्के हेडफोनवर, रात्री साडेदहानंतर. बाहेर वाजवायची वेळ येते तेव्हा कॅफेत मिक्सर असतो, गणपतीच्या मांडवात मिक्सर असतो, कॉलेजात मिक्सर असतो. ही आपली परिस्थिती. मला तिची लाज वाटत नाही, पण समीक्षा तिला धरून व्हायला हवी. जी पेडलं अ‍ॅम्प गृहीत धरतात त्यांना आपल्या यादीत वरचा नंबर देण्याचं कारण नाही.

या मापानं मोजलं तर माझ्या मते आपल्यासाठी सगळ्यात कामाचं स्वस्त पेडल ट्यूब स्क्रीमरच्या कुठल्याही भावंडाऐवजी जोयोचं अमेरिकन साउंड हे आहे. मी घेतलं तेव्हा ते साडेतीन हजारांच्या आसपास मिळालं. हेही क्लोनच, टेक ट्वेंटीवन कंपनीच्या ‘ब्लाँड’ या पेडलचा. त्या कंपनीच्या अँड्र्यू बार्टानं १९८९ मध्ये सॅन्सअ‍ॅम्प नावाची एक डबी काढली होती. तिच्यात अ‍ॅम्पचं आणि स्पीकरचं वागणं अ‍ॅनालॉग सर्किटमध्येच बसवलं होतं, म्हणजे गिटार थेट मिक्सरमध्ये टाकता यावी. ‘ब्लाँड’ ही त्याच विचाराची पुढची पिढी, जुन्या फेंडर अ‍ॅम्पच्या वळणाची. अमेरिकन साउंडमध्ये ती गाळणी आत आहे. मिक्सरला जोडा, व्हॉइसचं बटण मध्यावर ठेवा, आणि पहिल्यांदाच गिटार गिटारसारखी वाजते.

दोष आहेत. गाळणी बंद करता येत नाही, त्यामुळे खऱ्या अ‍ॅम्पला लावलं तर आवाज दोनदा गाळला जाऊन जरा मंद होतो. बटणं एकमेकांत गुंतलेली आहेत, व्हॉइस हलवलं की तिन्ही टोन परत लावावे लागतात. पण तक्रारीचा स्वर मला लावता येत नाही. पाश्चात्त्य परीक्षणांत हे पेडल ‘बजेटमध्ये बरं’ या रकान्यात असतं, कारण त्यांच्याकडे अ‍ॅम्प आहे. आपल्याकडे ते पहिल्या रकान्यात असायला हवं.

मिक्सरवरून आणखी एक. ‘ट्रू बायपास’ हे शब्द आता प्रत्येक स्वस्त पेडलच्या खोक्यावर असतात, जणू दुधावरचं ‘भेसळमुक्त’. अर्थ असा की पेडल बंद असताना सिग्नल आतल्या सर्किटला न शिवता सरळ पुढे जातो. ऐकायला छान. पण गिटारच्या पिकअपला समोर दहा लाख ओहमच्या आसपासचा इनपुट लागतो, आणि मिक्सरचा साधा लाइन इनपुट असतो काही दहा हजारांचा. म्हणजे पेडल बंद केलं की गिटार उघडी पडते, वरचा आवाज जातो, घोंगडी पांघरल्यासारखी वाजते. शिवाय केबल. दर मीटरला शंभरेक पिकोफॅरॅड धरले तरी सहा-सात मीटरची केबल वरचे सूर खाऊन टाकते. बॉसच्या पेडलांत ट्रू बायपास नसतो, बफर असतो. पेडल बंद असतानाही तो सिग्नलला बळ देत राहतो. ज्या गोष्टीसाठी बॉसला नावं ठेवली जातात तीच आपल्या मांडवात उपयोगी पडते. नाहीतर एक डीआय बॉक्स घ्या, तो साउंडवाल्याकडे असतो, फक्त मागावा लागतो आणि तो आधी नाही म्हणतो.

बॉसचा विषय निघाला आहे तर डीएस-वन. नारिंगी डबी, १९७८ पासून चालू. कर्ट कोबेननं ती वापरली, त्यानंतर कित्येक पिढ्यांचं ते पहिलं डिस्टॉर्शन ठरलं. इथे डायोड फीडबॅकऐवजी थेट जमिनीकडे जोडलेले आहेत, त्यामुळे लाट गोल न होता कापली जाते. आवाज धारदार, मधला भाग थोडा पोकळ, टोन अर्ध्यापुढे नेला की दात शिवशिवतात. मला ते आवडतं. पण त्यावर खर्च केलेले पैसे आवाजासाठी खर्च केलेले नाहीत, हे मला माहीत आहे. सर्किटमधले सुटे भाग काही शे रुपयांत जमतील. पैसे जातात त्या पायाच्या बटणात, जॅकच्या पकडीत, उलटा अ‍ॅडॅप्टर लावला तरी पेडल जळू नये अशा साध्या खबरदारीत, आणि पाच वर्षांनी ओएलएक्सवर टाकलं तर बऱ्यापैकी किंमत परत येते यात. बेरिंगरची जुनी मालिका प्लॅस्टिकच्या डबीत येते. घरात टेबलावर ठेवून वाजवणाऱ्याला त्यानं काही फरक पडत नाही. स्टेजवर बूट घालून दाबणाऱ्याला पडतो. स्वस्त आणि महाग यांतली खरी सीमारेषा मला इथे दिसते, सर्किटमध्ये दिसत नाही.

आणि आता ज्या पेडलशिवाय हा विषय पुरा होत नाही ते: क्लॉन सेंटॉर. जर्मनमध्ये ‘क्लॉन’ म्हणजे क्लोनच, हा योगायोग कुणी कथेत घातला असता तर संपादकानं काढून टाकला असता. बिल फिनेगन या माणसानं १९९४ पासून साधारण पंधरा वर्षं ही पेडलं बांधली, सुमारे आठ हजार नग. कुणी सर्किट वाचू नये म्हणून बोर्डावर काळा राळेसारखा थर ओतला. लोकांनी तो खरवडून सर्किट काढलंच. आज मूळ नग हजारो डॉलरला जातो. फिनेगनला स्वतःला या वेडाचा इतका कंटाळा आला की पुढच्या केटीआर नावाच्या पेडलवर त्यानं या भलत्या गाजावाजाला आपण जबाबदार नाही अशा अर्थाचा मजकूरच छापला.

सर्किट चांगलं आहे. फाटलेल्या आवाजात स्वच्छ आवाज मिसळायची युक्ती त्यात फार नेटकी आहे, आत नऊ व्होल्टवरून जास्त व्होल्टेज तयार करून सिग्नलला मोकळी जागा दिली आहे. पण ते सर्किट आता दोन-तीन हजारांत मिळतं आणि काम तेच करतं. त्यातल्या जर्मेनियम डायोडांच्या गोष्टी मी फार मनावर घेत नाही.

मला पडणारा प्रश्न वेगळा आहे. माझं रोजचं काम इतरांनी फुकट वाटलेल्या कोडवर उभं आहे. सर्किट उचललं म्हणून मी जोयोला किंवा बेरिंगरला चोर म्हटलं तर आधी माझा लॅपटॉप बंद करावा लागेल. ट्यूब स्क्रीमरनं आधीच्या पेडलांकडून घेतलं, डीएस-वनच्या टोन कंट्रोलचं इलेक्ट्रो-हार्मोनिक्सच्या बिग मफशी नातं आहे. ही चाल उचलण्याची परंपरा आहे आणि संगीतात तिच्याशिवाय काही चाललेलं नाही. बेरिंगरचं एसएफ-३०० हे तर बॉसच्या एफझेड-टू या कधीच बंद झालेल्या फझवर बेतलेलं. मूळ पेडल जुन्या बाजारात महाग, क्लोन स्वस्त, आणि ज्याला तो बुलडोझरसारखा आवाज हवा आहे त्याच्यासाठी क्लोननं उपकारच केले आहेत. पण चाल उचलणं आणि चेहरा उचलणं यांत मी फरक करते. २००५ मध्ये रोलंडनं, म्हणजे बॉसच्या मालक कंपनीनं, पेडलांचं बाह्यरूप उचलल्याबद्दल बेरिंगरवर दावा लावला. तो मिटला आणि बेरिंगरला रूप बदलावं लागलं. २०२४ मध्ये त्याच बेरिंगरनं सेंटॉर हे नाव आणि तसाच थाट घेऊन पेडल काढलं, आणि २०२५ मध्ये फिनेगन कोर्टात गेला. मी इथे फिनेगनच्या बाजूला आहे. सर्किट घ्या. पण एका माणसानं हातानं बांधून कमावलेलं नाव, तो सोनेरी रंग, तो अर्धा घोडा अर्धा माणूस, हे घेण्यामागे आवाजाचा काही संबंध नाही. तिथे विकली जाते ती गोष्ट, आणि ती गोष्ट त्याची आहे.

गोष्टीची किंमत किती असते हे २०२३ मध्ये फार मजेशीर पद्धतीनं दिसलं. डिजिटेकचं बॅड मंकी हे बंद पडलेलं, जुन्या बाजारात स्वस्तात लोळणारं ओव्हरड्राइव्ह. जेएचएस पेडल्सच्या जॉश स्कॉटनं एका व्हिडिओत ते महागड्या पेडलांशेजारी ठेवून दाखवलं की नीट लावलं तर फरक ऐकू येत नाही. मुद्दा असा होता की स्वस्त पेडल पुरतं. ऐकणाऱ्यांनी अर्थ असा घेतला की हे पेडल हवंच. काही दिवसांत त्याच्या मागितल्या किमती कित्येक पट झाल्या. स्वस्ताईचं कौतुक ऐकून वस्तू महाग करणारा समाज आहे हा, आणि मीही त्याच समाजात राहते, त्यामुळे हसताना जरा जपून.

बाकी स्वस्त सामानात दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात, दोन्ही परीक्षणांत क्वचित येतात. एक, वीज. आपल्याकडच्या अर्ध्या तक्रारी या पेडलच्या नसून अर्थिंगच्या असतात. तीन पिनच्या प्लगची वरची पिन कुठेच जोडलेली नसते आणि सगळ्या संचातून पन्नास हर्ट्झची गुणगुण येते. तारांना हात लावला की ती कमी होते, सोडला की परत. त्यात एकाच स्वस्त अ‍ॅडॅप्टरवरून माळेनं चार पेडलं चालवली आणि त्यातलं एक डिजिटल असलं तर वर बारीक शिट्टीही. तेव्हा पाचव्या पेडलच्या पैशांत स्वतंत्र आउटपुट असलेला चांगला पॉवर सप्लाय घ्या. त्यावर कुणी व्हिडिओ लाइक करत नाही, पण आवाज सुधारतो. जर्मेनियम ट्रान्झिस्टरचं फझ घेणाऱ्यांनी हेही धरून चालावं की तो ट्रान्झिस्टर उष्णतेनं गळायला लागतो. इंग्लंडच्या हवेत जुळवलेलं सर्किट विदर्भातल्या मे महिन्यात वेगळंच काहीतरी म्हणेल. सिलिकॉनचं घ्यावं.

दुसरी गोष्ट डिले. ‘अ‍ॅनालॉग’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या अनेक स्वस्त डिलेंच्या आत पीटी-२३९९ नावाची चिप असते, आणि ती डिजिटल असते. ती बनवली गेली कराओकेच्या इकोसाठी. भजनी मंडळाच्या किंवा ऑर्केस्ट्राच्या मिक्सरवर ‘इको’ नावाचं जे बटण असतं, आणि जे कायम गरजेपेक्षा जास्त फिरवलेलं असतं, त्याच घराण्यातली ही. साडेतीनशे मिलिसेकंदांच्या पुढे ताणली की आवाज धुरकट व्हायला लागतो, खरखर चढते. अनेक नामवंत, महागड्या बुटीक पेडलांतही तीच चिप आहे आणि तिथे त्या धुराला ‘व्हिंटेज’ म्हणतात. मला तो धूर आवडतो. आणि तो बाराशे ते तीन हजारांत मिळत असताना पंधरा हजार द्यावेत असं मला कुणी पटवू शकलेलं नाही.

माझ्या मावसभावाचं बजेट बारा हजार आहे, तो बारावीनंतर पहिल्यांदा इलेक्ट्रिककडे वळतोय, आणि त्यानं मला सात पेडलांची यादी पाठवली होती. मी त्याला लिहिलं: नव्या तारा, गिटारचा सेटअप करून घे, अमेरिकन साउंड, एक सात मीटरची बरी केबल, नीट अ‍ॅडॅप्टर. उरलेल्यात एक पीटी-२३९९वाला डिले, नाहीतर झूमचं जुनं एमएस-५०जी कुणाकडे सेकंडहँड मिळालं तर ते, कारण त्यात अ‍ॅम्प-स्पीकरची नक्कलही आहे. त्याचं उत्तर आलं, ‘ताई, यात एकपण भारी नाव नाहीये.’

भारी नाव हवं असेल तर ते मुंबईतच आहे. आदित्य नांदवाणाचं अ‍ॅनिमल फॅक्टरी अ‍ॅम्प्लिफिकेशन तिथून पिट व्हायपर, बॅरन सामेदी असली पेडलं बांधतं, ती बाहेरच्या देशांत विकली जातात, आणि त्यांत ट्यूब स्क्रीमरला नवा रंग फासलेला नसतो. ती स्वस्त नाहीत, आणि हातानं कमी नग बांधणाऱ्याची स्वस्त असूही शकत नाहीत. कस्टम्स ड्युटी भरून आलेल्या परदेशी डबीला जे पैसे सहज मोजले जातात ते इथल्या डबीला मोजताना हात आखडतो, हे मी दुकानात उभी राहून पाहिलं आहे. तीन हजारांचे क्लोन ज्यांनी मनसोक्त वापरले, त्यांनीच पुढे कधीतरी अशा कुणाला पूर्ण किंमत द्यावी असं मला वाटतं. माझी पाळी अजून यायची आहे, चार पेडलांच्या नियमात एक जागा रिकामी करायची आहे.

आणि सगळ्यात स्वस्त पर्याय तर डबीच नाही. स्टीव्हन अ‍ॅटकिन्सननं लिहिलेलं न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर हे फुकट आणि ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे. ठरलेला तीनेक मिनिटांचा आवाज खऱ्या अ‍ॅम्पमधून किंवा पेडलमधून पाठवायचा, जे बाहेर येईल ते रेकॉर्ड करायचं आणि त्या जोडीवर न्यूरल नेटवर्क शिकवायचं. हाती येणारी फाइल मोबाइलवरच्या एका फोटोपेक्षा लहान असते. लोक आपापल्या अ‍ॅम्पच्या अशा फाइली नेटवर मोकळेपणानं देतात. आपल्याला परवडला नसता, चौथ्या मजल्यावर चढवता आला नसता असा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प रात्री साडेदहानंतर हेडफोनमध्ये वाजतो. ऑडिओ इंटरफेस आणि लॅपटॉप लागतो, पुढे स्पीकरची गाळणी म्हणून एक आयआर फाइल लावावी लागते, ती विसरलात तर गांधीलमाश्या परत येतात. ट्यूब स्क्रीमरला त्याचं क्रियापद मला इथे मिळालं: तीन हजारांचं हिरवं पेडल, ड्राइव्ह शून्यावर, पुढे कुणा अनोळखी माणसानं वाटलेला मार्शल. मावसभावाला ती लिंक पाठवली आहे. त्याला आधी तारा बदलायला सांगितल्यात, त्या अजून बदललेल्या नाहीत.